मदत हवी आहे: फोनवरचं बोलणं तिसऱ्यापर्यंत पोहोचतंय, गळती नेमकी कुठे शोधायची?

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, म्हणून नाती जरा धूसर ठेवते.

मी आणि माझी मोठी बहीण फोनवर एका घरगुती व्यवहाराबद्दल बोलत असतो. कधी साधा नंबर लावून, कधी ॲपवरून. बोलताना आसपास कुणी नसतं, दोघीही काळजी घेतो. तरी एका नातेवाइकाने मागच्या काही भेटींत आमचीच वाक्यं आम्हाला ऐकवली. अंदाजाने बोललेलं वाटत नाही. एका वकिलांना मी ताईशी बोलताना जे शेलकं विशेषण लावलं होतं, ते अक्षरशः तसंच त्याच्या तोंडून आलं.

ढकलसंदेशात आलेला *#२१# हा कोड लावून पाहिला, 'फॉरवर्ड नाही' असं उत्तर आलं. *#६२# लावल्यावर मात्र एक अनोळखी नंबर दिसला आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. शिवाय कॉल चालू असताना अधूनमधून टिकटिक येते, कधी माझाच आवाज मला परत ऐकू येतो. बॅटरीही भराभर उतरते.

फोन टॅप होतोय हे ओळखायचं कसं? नंबर बदलू का? आणि ॲपवरचं बोलणं खरंच सुरक्षित असतं का? 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला' हा प्रतिसाद कृपया नको, तो घरातच ऐकून झाला आहे.

— काठावरची

*

तारमास्तर:
ताई, आधी टिकटिक डोक्यातून काढा. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलं. तांब्याच्या तारेवर कुणी समांतर जोडणी घेतली की कधी खरखर व्हायची, आवाज बारीक व्हायचा, ही समजूत तिथून आली. आता आवाज आकड्यांच्या रूपात जातो, एक्स्चेंजमध्ये त्याची प्रत काढली तर तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही. टिकटिक आणि प्रतिध्वनी हे खराब सिग्नलचं नाहीतर समोरच्याच्या स्पीकरचं काम.

ग्रीसचं प्रकरण आठवा. २००४-०५ मध्ये तिथल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये कुणीतरी चोरटं सॉफ्टवेअर घुसवलं आणि शंभराहून अधिक फोन ऐकले. त्यात पंतप्रधान कोस्तास कारामान्लिस यांचाही फोन होता. कायदेशीर टॅपिंगसाठी यंत्रणेत जी सोय असते, तीच चोरांनी वापरली. पकडलं गेलं ते काही लोकांचे मेसेज पोहोचेनासे झाले म्हणून, कुणाला खरखर ऐकू आली म्हणून नव्हे.

कोडबद्दल: *#२१# आणि *#६२# फक्त कॉल दुसरीकडे वळवलाय का एवढंच सांगतात. *#६२# म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो ते. तिथे बहुधा कंपनीच्या व्हॉइसमेलचाच नंबर असतो. ग्राहकसेवेला विचारून खात्री करा आणि शांत झोपा. मुळात कॉल वळवला तर तो तुमच्याकडे येतच नाही, दुसऱ्याकडे वाजतो. वळवून तुमचं चालू बोलणं कुणाला ऐकता येत नाही.

तिरपागडे:
२०१३ मध्ये हाँगकाँगला स्नोडेनने (अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणारा तोच) भेटायला आलेल्या वकिलांचे फोन, त्यांतून कुणी ऐकू नये म्हणून, फ्रीजमध्ये ठेवायला लावले होते. करून बघा, बॅटरीही थंड राहील. (दिवे घ्या.)

रात्रपाळी:
तारमास्तरांशी सहमत, फक्त एक भर. कॉल वळवणं ऐकण्यासाठी निरुपयोगी असलं तरी निरुपद्रवी नाही. भामटे 'कुरिअरवाला बोलतोय, हा कोड डायल करा' असं सांगून कॉल आपल्याकडे वळवून घेतात, मग पडताळणीचा कॉलही त्यांच्याकडे जातो आणि चॅटचं खातं त्यांच्या हाती लागतं. ##००२# लावलं की वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

आता मूळ प्रश्न. मोबाइलचं जाळं पोकळ आहे, हे खरंच आहे. टूजीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासत नाही. म्हणून खोटा टॉवर उभा करता येतो. त्यातलं बोलणं गुप्त ठेवणारं ए-५/१ नावाचं कूट फोडणं २००९ च्या सुमारास कार्स्टन नोल हा सुरक्षा संशोधक आणि मंडळींनी साध्या संगणकांच्या आवाक्यात आणून ठेवलं. थ्रीजीपासून तपासणी दोन्ही बाजूंनी होते, पण फोनला ढकलून टूजीवर आणता येतं. त्यामुळे सेटिंगमध्ये टूजी बंद करायची सोय असेल तर करून टाका. त्याहून जुनं दुखणं म्हणजे एसएस-७. कंपन्यांची यंत्रं आपापसांत ज्या भाषेत बोलतात ती ही, १९७० च्या दशकातली, जाळ्यात शिरलेला प्रत्येकजण विश्वासू आहे असं मानणारी. तिच्यातून दुसऱ्याचे कॉल कसे ऐकता येतात, हे २०१४ मध्ये जर्मनीतल्या हॅकर परिषदेत जाहीरपणे मांडलं गेलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांत 'सॉल्ट टायफून' नावाच्या हॅकर टोळीची घुसखोरी उघड झाली, तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेनेच लोकांना टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेली (म्हणजे वाटेत कुणालाही बोलणं उलगडता येत नाही अशी) ॲप वापरा असं सांगितलं. एरवी याच कूटबद्धतेबद्दल सरकारं कुरकुरत असतात!

पण तुमच्या नातेवाइकाकडे खोटा टॉवर आहे का? एसएस-७ मध्ये शिरकाव आहे का? नसणार. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाचं ऐकलं की गळती वाटेत नसते, टोकाला असते. आणि टोकं दोन आहेत. तुम्ही सगळं स्वतःच्याच फोनवर शोधताय. ताईंचा फोन कुणी पाहिला?

नंबर बदलू नका, टोक गळकं असेल तर नवा नंबरही गळेल. त्यापेक्षा पुड्या सोडा. ताईंना प्रत्यक्ष भेटून ठरवा: साध्या कॉलवर एक खोटी पण निरुपद्रवी गोष्ट बोलायची, ॲपच्या कॉलवर वेगळी, लेखी मेसेजमध्ये तिसरी. कोणती परत येते ते बघा. लेखी मेसेजमधली आली तर चॅट ॲपमधली 'जोडलेली उपकरणं' ही यादी तपासा. तिथून मेसेज वाचता येतात, पण तुमच्या फोनवर चाललेलं बोलणं ऐकू येत नाही. दोन्ही कॉलमधल्या आल्या तर हेरगिरीचं ॲप किंवा खोलीतलंच एखादं यंत्र.

काठावरची:
खूप आभार. ग्राहकसेवेने तो नंबर व्हॉइसमेलचाच असल्याचं सांगितलं.

पुड्यांचा प्रयोग केला. साध्या कॉलवरची पुडी मीठमसाला लावून परत आली, बाकी दोन्हींचा मागमूस नाही. मग ताईचा फोन घेऊन बसले. त्यात कॉल रेकॉर्ड करणारं एक ॲप निघालं, कुणीतरी 'सोयीचं आहे' म्हणून कधीकाळी टाकून दिलेलं. प्रत्येक साधा कॉल आपोआप रेकॉर्ड होतो आणि फाइल तिच्या ऑनलाइन खात्यात जाते. त्याच खात्यात तिचा जुना टॅबलेट अजून लॉगिन आहे. तो टॅबलेट मुलांना खेळायला म्हणून ज्या घरी दिलाय, ते घर कुणाचं हे सांगायला नकोच.

ताई म्हणते आत्ताच्या आत्ता सगळं पुसून टाकू. पुसू का?

रात्रपाळी:
थांबा! आधी पुरावा. खात्यात सध्या कोणती उपकरणं लॉगिन आहेत, कधी वापरली गेली, हे दाखवणारं पान असतं. त्याचे स्क्रीनशॉट घ्या, रेकॉर्डिंगच्या यादीचेही. पुढेमागे वकिलांना लागतील (त्या विशेषणवाल्यांना सोडून). मग पासवर्ड बदला, पण टॅबलेटवर ज्याची सूचना जाणार नाही अशा क्रमाने: आधी टॅबलेट खात्यातून बाहेर काढा, लगेच नवा पासवर्ड, मग दुहेरी पडताळणी. खातं परत मिळवण्यासाठी कुणाचा नंबर आणि ईमेल दिलाय तेही बघा, बहुतेक लोक तेच विसरतात. ॲप सगळ्यात शेवटी काढा.

कोपऱ्यातला खांब:
एक सावधगिरी. तो नातेवाईक धाकदपटशा करणारा असेल तर टॅबलेट अचानक बंद पडल्याबरोबर त्याला कळेल की तुम्हाला कळलंय. अशा वेळी आधी विश्वासातल्या कुणाला तरी सांगून ठेवा, आणि सल्ला घ्यायला त्याच फोनवरून कॉल करू नका.

तारमास्तर:
रेकॉर्डिंगमध्ये ताईंचं फक्त तुमच्याशीच बोलणं नसेल. डॉक्टर, बँक, मैत्रिणी, सगळ्यांचं असेल. त्यांना सांगायचं की नाही तेही ठरवा.

काठावरची:
हे लक्षातच आलं नव्हतं. स्क्रीनशॉट झाले आहेत. टॅबलेट उद्या खात्यातून काढतोय, तोवर साध्या कॉलवर हवापाण्याच्या गप्पा. धागा उघडा ठेवते, बँकेच्या कॉलचं काय करायचं ते कुणाला माहीत असेल तर सांगा.