रूपांतर, अवतार की पाठभेद? सुपरहिरोंच्या गोष्टींसाठी शब्द हवेत

धागाकर्ता

माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत २००२चा 'स्पायडर-मॅन' पाहिला आणि लगेच माझ्या कपाटातून त्याच्या पहिल्यावहिल्या गोष्टीचं पुनर्मुद्रण काढून वाचायला बसली. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची १९६२ची, अवघी अकरा पानांची गोष्ट. वाचून झाल्यावर शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हे तर काका बोलतच नाहीत!"

बरोबर होतं तिचं. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे सिनेमात बेनकाका गाडीत बसून पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅन होणाऱ्या आपल्या पुतण्याला, सांगतात. कॉमिकमध्ये मात्र ते कुणाच्याच फुग्यात नाही. एक पाठमोरी, लहानशी आकृती रात्रीच्या रस्त्याने निघून जाते आणि तिच्यासोबत निवेदनाच्या पट्टीत ते वाक्य येतं. "मग खरं कुठलं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, सिनेमा म्हणजे रूपांतर. त्यात बदलतात थोडंफार." तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

रूपांतर म्हटलं की दुधाचं दही झालं असं वाटतं. एकाचं दुसरं झालं, पहिलं उरलं नाही. शिवाय ही वाट एकाच दिशेची वाटते, कागदावरून पडद्याकडे. सुपरहिरोंच्या बाबतीत तसं कधीच नव्हतं. सीगल आणि शूस्टर यांचा सुपरमॅन जून १९३८च्या अंकात आला तेव्हा तो उडत नव्हता, उड्या मारत होता. एका उडीत सुमारे दोनशे मीटर. तो सरळ उडायला लागला ते रेडिओ आणि १९४१पासूनच्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनच्या दिवसांत. ज्या क्रिप्टोनाइटने तो दुबळा पडतो ते आधी १९४३मध्ये रेडिओवर आलं, कॉमिकमध्ये यायला १९४९ उजाडलं. बॅटमॅनच्या जगातली हार्ली क्विन तर १९९२च्या टीव्ही मालिकेत जन्मली आणि मग कागदावर गेली. याला 'कॉमिकचं रूपांतर' कसं म्हणायचं?

'माध्यमांतर' हा शब्द विद्यापीठात चालतो, पण भाचीला सांगताना तोंडातून निघत नाही. 'अवतार' सुचतो. 'बेतलेला' फार कोरडा आहे. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद १

'अवतार' नको. अव म्हणजे खाली, तृ म्हणजे तरणे, उतरणे. अवतार म्हटला की वर कुणीतरी मूळ बसलेला असतो आणि तो खाली उतरतो. कॉमिक वर आणि सिनेमा खाली, हे बऱ्याच वाचकांना मनातून पटतंही. पण तुमचीच उदाहरणं त्याच्या विरुद्ध जातात.

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत इतके पाठभेद शिरले होते की एकनाथांनी शके १५०६मध्ये (इसवी सन १५८४) बसून प्रत शुद्ध केली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये हाती घेतलं आणि ते १९६६मध्ये पुरं झालं. पान उघडलं की वर स्वीकारलेली संहिता आणि खाली बारीक अक्षरांत पाठभेद: या प्रतीत हा शब्द, त्या प्रतीत तो. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो असताना मला वरच्या मजकुरापेक्षा खालचा मजकूरच जास्त आवडला होता. एका ओळीखाली इतकी माणसं जिवंत आहेत असं वाटलं.

तुमच्या भाचीला सांगा, बेनकाका बोलतात हा एक पाठ आणि निवेदक बोलतो हा दुसरा पाठ. 'खरं कुठलं' याऐवजी 'कुठल्या प्रतीत काय' असं विचारता येतं.

धागाकर्ता

वा! हा शब्द माझ्या डोक्यात यायला हवा होता. आजच वापरून पाहिला. "२००२चा पाठ, २०१२चा पाठ" असं म्हटलं की कुठला श्रेष्ठ हे आधीच ठरवून टाकल्यासारखं होत नाही.

आता पुढचा प्रश्न. कॉमिक्सवाले ज्याला रेटकॉन म्हणतात, म्हणजे आधी छापून झालेल्या गोष्टीचा अर्थ मागाहून बदलणे, त्याला 'प्रक्षेप' म्हणावं का? कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी युद्धात मेला, असं १९६४मध्ये सांगितलं गेलं. चाळीस वर्षं ते अढळ होतं. २००५मध्ये एड ब्रुबेकर यांनी त्याला विंटर सोल्जर म्हणून परत आणलं आणि २०१४च्या सिनेमाने तीच गोष्ट घेतली. मी स्वतः ते अंक वाचताना आधी रागावलो होतो. आणि मग सिनेमात तो मुखवटा उतरतो त्या प्रसंगाशी थांबून राहिलो. आता बकी परत आला नसता अशी कल्पनाही नको वाटते.

प्रतिसाद २

प्रक्षेप नाही म्हणता येणार. प्रक्षिप्त ओवी म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी, बहुधा नाव न लावता, मूळ कर्त्याच्या नावावर खपवलेली. इथे कर्ता बदलला तरी मालक तोच आहे, नावही छापलेलं आहे. लपवाछपवी नाही.

माझ्या मते दोन शब्द लागतील. जिथे गोष्ट वाढली तिथे 'भर'. बकी ही भर. आणि जिथे अडचण झाकली तिथे आपला घरचा शब्द, सारवासारव. १९८७मध्ये पीटर आणि मेरी जेनचं लग्न लावलं, वीस वर्षं संसार दाखवला आणि २००७मध्ये सैतानाशी सौदा करून ते लग्न झालंच नव्हतं असं करून टाकलं. ती सारवासारव. मी तेव्हा तो अंक मिटला आणि दोन वर्षं त्या मालिकेचं काही वाचलं नाही. जमीन सारवल्यावर ती खरंच छान दिसते, पण खालचे खड्डे पायाला लागतात.

प्रतिसाद ३

सुपरहिरोला 'महानायक' म्हणू नये एवढंच सांगायला आलो. तो शब्द अमिताभला देऊन झाला आहे. 'अतिमानव' नीत्शेच्या तत्त्वज्ञानाच्या चर्चेत अडकलेला आहे. गंमत म्हणजे सीगल यांनी १९३३मध्ये 'सुपर-मॅन' हे नाव आधी एका खलनायकालाच दिलं होतं. सुपरहिरो हाच शब्द मराठीत रुळला आहे, तो राहू द्या. अमेरिकेत डीसी आणि मार्व्हल या दोन कंपन्यांनी त्या शब्दावर मिळून ट्रेडमार्क घेऊन ठेवला होता, तो २०२४मध्ये रद्द झाला. आता तो तिथेही सगळ्यांचा आहे.

आणि कृपा करून अँटीहिरोला, म्हणजे सद्गुणांचा पुतळा नसलेल्या नायकाला, 'प्रतिनायक' म्हणू नका. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा विरोधक, रामासमोरचा रावण. एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनसारख्यासाठी त्याच शास्त्रात 'धीरोद्धत' हा नायकाचा प्रकार दिलेला आहे: गर्विष्ठ, तापट, चटकन हात उगारणारा, तरी नायकच. परशुरामाचं उदाहरण देतात. सुपरमॅन धीरोदात्त, म्हणजे गंभीर आणि उदात्त, हे वेगळं सांगायला नको. बॅटमॅनवर माझं आणि माझ्या भावाचं अजून एकमत नाही.

प्रतिसाद ४

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे इंग्रजीतून मराठीत काय आणावं ते शोधताय, पण एक काम आपल्या भाषेत फार पूर्वीच झालंय आणि त्याची आठवण कुणी काढली नाही. 'वेताळ'!

ली फॉक यांचा फँटम फेब्रुवारी १९३६मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाला, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, हे त्याचं. बापानंतर मुलगा तोच पोशाख चढवतो. आत्ताचा एकविसावा. त्यामुळे जंगलातली माणसं समजतात की हा एकच आहे आणि मरत नाही, चालतं-फिरतं भूत आहे. आपल्याकडे १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि पुढे मराठीत त्याला वेताळ म्हणू लागले.

शहरातल्या वाचकाला वेताळ म्हणजे पंचविशीतला, झाडाला लटकणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. माझं आजोळ गोव्यातल्या काणकोणचं. आमच्याकडे वेताळ हा देव आहे, गावाचा राखणदार. लोलयेला त्याची दगडी मूर्ती उघड्यावर उभी आहे, माणसापेक्षा मोठी. आजी सांगायची, तो रात्री शिवेवरून फिरतो, गाव राखतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहायच्या. नेहमीच्या मापाच्या नव्हेत, चांगल्या मोठ्या. मी लहानपणी त्या हातात घेऊन पाहिल्या आहेत. ओझं लागायचं.

आता फँटमचं बिरुद आठवा. चालणारं भूत! रात्री फिरणारा, न मरणारा, वाईट माणसांना भय आणि आपल्यांना आधार. हा शब्द निवडणाऱ्या माणसाने पंचविशी समोर ठेवली होती की कोकणातला राखणदार, ते कुठे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. पण मला शाळेत असताना तो अंक पहिल्यांदा हाती आला तेव्हा परका वाटलाच नाही. आमचाच वेताळ दूरच्या जंगलात राखणीला गेलाय, असं वाटलं.

पाठभेदही भरपूर. फँटमचा देश मूळचा बंगाला, इंद्रजालमध्ये तो डेंकाली झाला. त्याच्या पूर्वजाला मारणारे चाचे 'सिंग' होते, ते 'सिंगा' झाले. उघडच इथल्या वाचकाला नावं आपल्या माणसांची वाटू नयेत म्हणून. एवढ्याशा बदलाने गोष्ट इथे राहू शकली.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. तिला आता वहाणा बघायला काणकोणला जायचं आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर पवित्र प्रभाकरबद्दल. भारतीय स्पायडरमॅन, २००४चं कॉमिक, मुंबईत घडणारं. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, बेनकाकांचे भीमकाका. आवाज राखून नावं फिरवली आहेत, आणि 'मीरा जैन' मला आजही आवडतं. पण मराठी कानाला 'पवित्र' हे मुलाचं नाव वाटत नाही आणि 'प्रभाकर' हे आडनाव वाटत नाही. प्रभाकर म्हणजे आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे काका. २०२३च्या स्पायडर-व्हर्स सिनेमात तोच पवित्र आला, आणि तो सिनेमा मराठीतही डब झाला होता. मी मुद्दाम मराठीतूनच पाहिला. मुंबईतला पोरगा मराठी बोलतोय, यात काहीतरी आपल्या जागी येऊन बसल्यासारखं वाटलं.

प्रतिसाद ५

पॅनेलला चौकट, बलूनला फुगा हे सगळे म्हणतात. पण दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते तिला काय म्हणायचं? मला विचाराल तर 'दरज'.

माझे वडील गवंडी होते. विटांच्या दोन थरांमधली जी खाच, ती दरज. भिंत उभी राहिली की छोट्या करणीने दरजा भरायच्या. ते काम वडील कुणावर सोपवायचे नाहीत. दर्जा आणि दरज यांत गोंधळ करू नका, दरज म्हणजे फट, सांधा.

कॉमिकमध्ये खरी हालचाल दरजेत होते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत पडलेला माणूस, मधला ठोसा वाचणाऱ्याच्या मनात. सिनेमा काय करतो? दरजा भरतो. सेकंदाला चोवीस चित्रं दाखवली की मनाला भरायला फारसं काही उरत नाही. म्हणून आवडत्या अंकावरचा सिनेमा पाहताना कधीकधी आपली काहीतरी वस्तू कुणी घेतली असं वाटतं. दरज आपण एका गिलाव्याने भरलेली असते, त्यांनी दुसऱ्याने भरली.

पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू घ्या. जून १९७३चा अंक, गेरी कॉनवे यांचं लेखन, गिल केन यांची चित्रं. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली टाकतो. स्पायडरमॅनचं जाळं तिचे पाय पकडतं. तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एकच आवाज लिहिला आहे, 'स्नॅप'. कुणी तो शब्द वाचतो, कुणाच्या नजरेतून निसटतो. तिला पडण्याने मारलं की वाचवण्याने, हे ज्याच्या नजरेला तो शब्द पडला त्यालाच छळतं. २०१४च्या सिनेमात पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा आहे, जाळं तिला धरतं, पण त्याच क्षणी डोकं जमिनीवर आपटतं. तिथे जाळं उशिरा पोचलं. कॉमिकमध्ये ते वेळेवर पोचलं होतं. दोन्ही पाहताना मी रडलो आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी.

धागाकर्ता

दरज घेतला. कालपासून भाची पट्टीने दरजा मोजते आहे, कुठे रुंद आहेत, कुठे अरुंद.

तुमच्या त्या चौकटीवरून आमचं एक काम अडलं आहे. तिच्यासाठी मी हा अंक वहीत मराठीत उतरवतो आहे आणि 'स्नॅप'शी येऊन थांबलो. 'काडकन' फार मोठा आवाज होतो, लाकूड मोडल्यासारखा. 'मटकन' म्हटलं की माणूस खाली बसतो. 'टचकन' डोळ्यांत पाणी येण्याला लागतं. मूळ अक्षरं अगदी बारीक आहेत, आवाजही तितकाच बारीक हवा. सध्या 'कट्' असं पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. याहून बरा कुणाकडे असेल तर सांगा, शाई अजून फिरवलेली नाही.