कोलेस्टेरॉलच्या एका आकड्यापलीकडे

उंदराच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे औषध लागू पडले, मग चयापचयातले शेकडो रेणू मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारू शकेल. त्यावर थोडे सांगतो.

साध्या उंदरात सीईटीपी (कोलेस्टेरॉल एचडीएलमधून इतर कणांकडे नेणारे प्रथिन) नसते आणि त्याचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये (म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांत) असते, त्यामुळे त्याच्या धमन्यांत सहजासहजी थर साचत नाहीत. म्हणून १९९२पासून एपीओई (रक्तातले चरबीचे कण हटवायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे) जनुक निकामी केलेले, धमन्यांत थर साचणारे उंदीर वापरात आले. या उंदरांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) दिल्यावर एकूण कोलेस्टेरॉल पुष्कळदा उतरतच नाही, तरीही धमनीतला थर कमी झालेला दिसू शकतो. हा फरक कशामुळे पडला याचा माग पित्ताम्ले, फॉस्फोलिपिडे (पेशींच्या आवरणातली चरबी) आणि आतड्यातल्या जिवाणूंमुळे तयार होणारे टीएमएओ हे संयुग एकत्र पाहिल्यावरच लागण्याची शक्यता असते.

मात्र रक्ताचा नमुना जपला नाही, तर सारे वाया जाते. इथे सोलापुरात आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारे यंत्र) मध्येच थांबले आणि बर्फ येईपर्यंत नळ्या टेबलावरच राहिल्या. तेवढ्या वेळात तांबड्या पेशी ग्लुकोज वापरून लॅक्टेट सोडत राहतात, म्हणजे मोजायचे रेणूच बदलतात. दोन नळ्यांतले सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) तर तांबड्या पेशी फुटल्याने गुलाबी झाले होते. तो सगळा गट आम्ही वगळला. उंदरांना उपाशी ठेवण्याचे तास, रक्त काढण्याची वेळ आणि पिंजऱ्यांची वाटणी (उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे जिवाणू सारखे होत जातात) हे सारे प्रयोग आखतानाच ठरवून लिहून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.