उन्हाळ्यातला घरगुती काढा: प्रमाण किती, कोणाला चालतो?

मनीषनगरवाली
कूलर लागले आणि घरात खोकला सुरू झाला. सासऱ्यांना (वय 68, बीपीची गोळी चालू) रात्री कोरडी ढास लागते. मुलगी 8 वर्षांची, तिचा कफ सुटत नाही. बाळ 10 महिन्यांचं, त्याचं नाक वाहतंय. तुळस, आलं, सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध, ओवा आणि गुळवेल असं सगळं एका गंजात टाकून वीस मिनिटं उकळते. काढा कडूजहर होतो, वर छातीत जळजळ. शिवाय मला उन्हाळी (लघवीला जळजळ) लागली आहे. पद्धत आणि प्रमाण नीट सांगा. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे उत्तर नको.

काष्ठौषधी_इतवारी
ताई, सगळं एकत्र उकळलं की निम्मे जिन्नस वाया जातात. मुळं, साली, खोडं यांना उकळी लागते. तुळस, ओवा, पुदिना यांचा गुण सुगंधी तेलात असतो आणि ते वाफेबरोबर उडतं. घरभर ओव्याचा वास सुटला म्हणजे तो काढ्यात उरला नाही.

मोठ्या माणसाच्या ओल्या खोकल्यासाठी: अडुळशाची सुकी पानं 5 ग्रॅम, ज्येष्ठमध 3, बेहड्याची साल 1, सुंठ 1. झाले 10 ग्रॅम. त्याला सोळा पट पाणी, म्हणजे 160 मिली. तासभर भिजू द्या, मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, 40 मिली उरेपर्यंत आटवा. गॅस बंद करा, तुळशीची 5-6 पानं चुरून आणि पाव चमचा ओवा ठेचून टाका, आता झाकण लावा, 10 मिनिटांनी गाळा. हे दिवसाचे दोन डोस, जेवणानंतर 20-20 मिली. पाच दिवसांच्या वर ओढू नका. गरोदर बाईला अडुळसा अजिबात नाही, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं.

जिन्नस लापशीच्या रव्याएवढे भरड हवेत. मिक्सरमधून मैद्यासारखी पूड काढली तर ती तळाला लागते, गाळणीतून उतरते आणि घसा आणखी खवखवतो. भांडं स्टीलचं. संध्याकाळचा डोस फ्रिजात ठेवा, मे महिन्यात ओट्यावर ठेवलेला काढा आंबतो. दुसऱ्या दिवशी उरलेला फेकून द्यायचा.

जळजळीचं कारण सरळ आहे. आलं, सुंठ, दालचिनी तिन्ही उष्ण, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, आणि बहुतेक लोक काढा उपाशीपोटी पितात. तिघांपैकी एकच ठेवा.

फार्मसीवाली_धंतोली
वरचा काढा सासऱ्यांना देऊ नका. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं, बीपी चढवतं. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम आणखीच घसरतं.

त्याआधी त्यांच्या गोळीचं पाकीट वाचा. नावाच्या शेवटी "प्रिल" आहे का? रामिप्रिल, एनालाप्रिल या गटाच्या गोळ्यांनी कोरडी ढास लागते, कधी कधी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. तसं असेल तर जगातला कुठलाच काढा लागू पडणार नाही. डॉक्टर गट बदलून देतात, ढास साधारण 1 ते 4 आठवड्यांत जाते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. तोवर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या आणि, शुगर नसेल तर, झोपताना एक चमचा मध.

बाळाला काढा नाही, मध नाही, बोट चाटवणंही नाही. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालच्या आतड्यात ते वाढतात. ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालायची पद्धत आहे, ती बंद करा. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. निलगिरी तेलही लावू नका. नाक बंद असेल तर मेडिकलमधले साध्या सलाइनचे थेंब, दूध पाजायच्या आधी. श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा दूध घेत नसेल तर त्याच तासाला डॉक्टर.

मुलीसाठी अडुळशाचा ताजा रस. पानं कच्ची वाटली तर रस निघत नाही, नुसता चोथा हातात येतो. 8-10 पिकत आलेली पानं धुवून इडलीपात्रात 10 मिनिटं वाफवा, ठेचा आणि फडक्यातून पिळा. अर्धा ते एक चमचा रस, तेवढाच मध, दिवसातून दोनदा, तीन दिवस. हा कफ पातळ करतो. यातल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध घडवलं गेलं. कोरड्या ढासेला त्याचा फार उपयोग नाही. आणि खोकला कोणाचाही असो, दोन आठवड्यांवर गेला तर टीबीसाठी थुंकी तपासा. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत मोफत होते.

उन्हातान्हाचा_भाऊ
बाप्पा, काढ्याच्या आधी कूलर पाहा ना! मागच्या वर्षीची खस तशीच लावून राहिले असाल तर तिच्यात बुरशी धरते आणि तीच हवा रात्रभर छातीत. खस दर हंगामाला नवी, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची (डेंग्यूचा डासही तिथंच होतो), एक खिडकी उघडी, आणि झोत थेट अंथरुणावर नको.

उन्हाळीला धन्याचा हिम करा. 20 ग्रॅम धने जाडसर ठेचून 120 मिली थंड पाण्यात रात्रभर, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात. उकळायचं नाही. सकाळी कुस्करून, गाळून, खडीसाखर घालून अर्धा सकाळी, अर्धा दुपारी. वाळ्याची जुडी धुवून माठात सोडली तरी छान, पण दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवा, नाही तर पाण्याला कुबट वास येतो. खरं औषध मात्र पाणीच आहे. लघवी गर्द पिवळी आहे तोवर जळजळ राहणारच. दोन दिवसांत फरक नाही, किंवा ताप, थंडी वाजणं, कंबरेत दुखणं, लघवीत रक्त, यातलं काही दिसलं तर ती नुसती उन्हाळी नाही. लघवीची तपासणी करा.

आणि खिशात कांदा ठेवून ऊन लागायचं थांबत नाही, कोणी काहीही म्हणो. माणूस बरळू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर सावलीत न्या, कपडे ओले करा, पंखा लावा, 108 ला फोन. शुद्ध नसेल तर पन्हं तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

मनीषनगरवाली
पाकीट पाहिलं, रामिप्रिलच आहे! उद्या डॉक्टरांकडे नेते. गुळवेलीबद्दल कोणीच बोललं नाही. बाजारातून वाळलेले तुकडे आणले आहेत.

काष्ठौषधी_इतवारी
वाळलेले तुकडे आणि पूड पाहून खात्री होत नाही. ताजी कांडी घ्या. पान हृदयाच्या आकाराचं, वरची साल कागदासारखी पातळ, नखानं खरवडली की आत हिरवं, आडवा छेद दिला की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा. खोडावर भरगच्च मस्से असतील तर ती दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा. ती नको.

फार्मसीवाली_धंतोली
ओळखून आणली तरी खोकल्यासाठी तिची गरज नाही, आणि महिनोन्महिने तर नाहीच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं वनस्पती ओळखण्यातल्या गफलतीकडे बोट दाखवलं. वाद बाजूला ठेवा. ज्यांना यकृताचा त्रास, संधिवात किंवा प्रतिकारशक्तीच उलटल्यामुळे झालेला थायरॉइडचा आजार आहे त्यांनी घेऊ नये. घेताना डोळे पिवळे, लघवी चहासारखी, भूक मेली तर लगेच बंद करून एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा. डॉक्टरांना उद्या फक्त गोळ्या नका सांगू, काढ्यातले जिन्नसही लिहून न्या.