मदत हवी आहे: दालांबेरच्या ग्रंथात ते समीकरण कुठे आहे?

मुक्तछंद: सोमवारी सेमिनार आहे, लवकर सांगा. दालांबेर या अठराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाचं तत्त्व म्हणजे 'बल वजा वस्तुमान गुणिले त्वरण बरोबर शून्य' असंच शिकलोय. मूळ ग्रंथ 'त्रेते द दिनामीक' उतरवून घेतला, पण हे कुठेच दिसत नाही. पान क्रमांक हवाय.

गुरुत्वमध्य: आवृत्ती कोणती? १७४३ची पहिली, की १७५८ची वाढवलेली? फ्रेंच वाचता येतं का? आणि विषय भौतिकीचा आहे की इतिहासाचा?

आडवाटे: मूळ ग्रंथाच्या नादी लागू नका. गणितज्ञ लाग्रांजचा १७८८चा ग्रंथ घ्या, आभासी कार्यातून (कल्पनेतल्या सूक्ष्म विस्थापनात बलांनी केलेल्या कार्यातून) सगळं दोन ओळींत निघतं. मी वर्गात तेच शिकवतो.

गुरुत्वमध्य: अहो, विचारलंय दालांबेरबद्दल, आणि तुम्ही ४५ वर्षं पुढचं सांगताय! मुक्तछंद, पान मिळणार नाही, कारण समीकरण त्या रूपात तिथे नाहीच. बल ही कल्पनाच त्याला अंधुक वाटायची, तो गतीबद्दल बोलतो. प्रत्येक वस्तूला दिलेल्या गतीचे दोन भाग करायचे: प्रत्यक्षात उरलेली आणि दोरी, दांडी अशा बंधनांमुळे नष्ट झालेली. नष्ट झालेल्या गती एकमेकींना तोलतात, हे त्याचं तत्त्व. कप्पीवर ३ आणि १ किलो टांगा, गुरुत्वत्वरण १० धरा. जड वजन एकटं असतं तर १०च्या त्वरणाने पडलं असतं, पण ५ने खाली येतं, म्हणजे ५ गमावलं; ३ गुणिले ५, १५. हलकं १०ने खाली जायचं ते ५ने वर गेलं, म्हणजे १५ गमावलं. १ गुणिले १५, पुन्हा १५. तोल जमला.

पाटीपेन्सिल: बसने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो ते छद्मबल, म्हणजे प्रत्यक्षात नसलेलं, नुसतं भासणारं बल. गेट परीक्षेला यावर हमखास प्रश्न येतो.

शेवंती: प्रस्तावना वाचलीत का? हलत्या वस्तूच्या बलाचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, या भांडणाला दालांबेर निव्वळ शब्दांचा वाद म्हणतो. मला ते पटत नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ स्ग्रावसांदने पितळी गोळे मऊ मातीत टाकून खळगे मोजले होते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात निघाले, आणि त्याच आधारावर फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातलेने १७४०मध्ये वर्गाची बाजू मांडली होती. तिचं नाव सेमिनारमध्ये यायलाच हवं.

आडवाटे: सोमवारच्या सेमिनारला मातीचे खळगे कशाला?

मुक्तछंद: आवृत्ती १७५८ची. फ्रेंच येत नाही, चिन्हं शोधत होतो. एमएस्सी भौतिकी. कप्पीचं उदाहरण फळ्यावर मांडतो. पण सर लंबकाबद्दल नक्की विचारतील. एकाच दांडीवर दोन गोळे असतील तर गमावलेली गती कशी काढायची?

गुरुत्वमध्य: तसंच, फक्त तोल टेकूभोवती तरफेसारखा घ्या. वरचा गोळा एकटा असता तर लवकर झुलला असता, खालचा सावकाश. दांडी वरच्याला रोखते, खालच्याला ओढते. स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीने हा विचार दालांबेरच्या आधीच केला होता. दोन्ही लांबी आणि वस्तुमानं द्या, मांडून देतो.