मदत हवी आहे: गुडघा दुखतोय, चारपैकी दोन हाफ मॅरेथॉन बाकी

नमस्कार मंडळी. वय ४६, राहणार पुणे. पन्नाशीच्या आत काय करायचं ते करून घ्यावं म्हणून यंदा २१.१ किमीच्या चार शर्यती पळायचं ठरवलं. दोन झाल्या. दुसरी साताऱ्याची हिल हाफ, आणि तिथंच माशी शिंकली.

यवतेश्वरचा घाट चढताना काही त्रास नव्हता. उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी कळ यायला लागली. शेवटचे चार किमी लंगडत, लोकांच्या टाळ्या ऐकत (लाज वाटत होती खरं तर) कसेबसे संपवले. डॉक्टरांनी आयटी बँडचं दुखणं सांगितलं. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणारा पट्टा. कंबरेचे स्नायू कमजोर, म्हणून गुडघ्यावर ताण. तीन आठवडे पळणं बंद, फिजिओचे व्यायाम चालू.

आता सपाटीवर पाच किमी बिनदुखीचे होतात. सहाव्याला पुन्हा तीच कळ. जिना उतरतानाही जाणवते.

डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई. नावं नोंदवून, पैसे भरून झालेत. बायको म्हणते, "पदकं गुडघ्याला बांधणार का?"

ज्यांना हेच दुखणं झालं होतं त्यांना विचारायचंय: पाचावरून दहा किमीला जायला किती आठवडे लागले? पळणं-चालणं आलटून पालटून केल्याने फरक पडला का? पुणे सोडून थेट मुंबईची तयारी करू का? 'पळणं सोडा' हा सल्ला घरी फुकट मिळतो, तो नको.