मदत हवी आहे: वेव्हफ्रंटमधला १२ वा आकडा जुळत नाही

चक्रधर_२:
डोळ्याचं वेव्हफ्रंट (बाहेर येणाऱ्या प्रकाशलहरीचा आकार) ठिपक्यांच्या फोटोवरून मोजणाऱ्या शॅक-हार्टमन यंत्रातून स्फेरिकल अ‍ॅबरेशन (कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याचा दोष) ०.२१ मायक्रॉन येतं. तो १२ वा झर्निके, म्हणजे वेव्हफ्रंटचा आकार ज्या क्रमवार आकड्यांत मांडतात त्यातला बारावा. माझ्या प्रोग्राममध्ये ०.०२. बाकी आकडे जुळतात. दोन आठवडे डोकं फोडतोय. उद्या दाखवायचं आहे, जाणकारांनी लवकर सांगा.

दुर्बीणवाला:
बाहुलीचा व्यास किती धरलाय? दोन्हीकडे एकच आहे का? हे न सांगता विचारणं म्हणजे पत्ता न देता जेवायला बोलावणं.

सुधाताई:
डोळा कोरडा असेल. अश्रूंचा थर फाटला की ठिपके पुसट होतात, काही गायबच होतात. दोनतीनदा पापण्या मिटायला सांगून लगेच मोजा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

चक्रधर_२:
ताई, डोळा परत मोजायचा नाहीये. यंत्राने काढलेला ठिपक्यांचा तोच फोटो मी प्रोग्रामला दिलाय. व्यास ६ मिमी.

सुधाताई:
मग हे आधी लिहायचं ना!

अर्धवट:
६ मिमी यंत्राचा, की तुमचा? प्रोग्रामने कडेचे ठिपके गाळून ४ मिमीच धरले असतील. स्फेरिकल त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतं, म्हणजे ०.२१ चं थेट ०.०४. हेच झालंय, पैज लावतो.

दुर्बीणवाला:
पैज हराल. मग कोमाही (बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी आणणारा दोष) तिसऱ्या घाताने घसरून तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेला असता आणि डीफोकस (साधा चष्म्याच्या नंबरचा भाग) निम्म्याहून कमी झाला असता. ते म्हणतात बाकी जुळतंय. चक्रधर, 'बाकी' म्हणजे नक्की कुठले?

निवांत:
माझा नंबर −४ आहे. लेझर करावं का? रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणे.

सुधाताई:
@निवांत, वेगळा धागा काढा. रात्री बाहुली मोठी होते, स्फेरिकल वाढतं, वलयं त्यातूनही येतात. आधी कॉर्नियाची जाडी मोजून घ्या.

अर्धवट:
तरंगलांबी? यंत्रं बहुतेक इन्फ्रारेड वापरतात, तुम्ही हिरव्या प्रकाशाला आणलंत का?

दुर्बीणवाला:
त्याने मुख्यतः डीफोकस सरकेल हो, स्फेरिकल एवढं कोसळणार नाही. कशाला फाटे फोडताय?

चक्रधर_२:
यंत्र: ४ → १.१२, ७ → −०.०९, ८ → ०.०५.
माझे: १.११, −०.०९, ०.०५.
३ आणि ५ मध्येही फरक आहे, पण ते अ‍ॅस्टिग्मॅटिझम (सिलिंडरचा नंबर), त्यात मला रस नाही.

दुर्बीणवाला:
रस नाही म्हणे! सगळं उत्तर तिथेच आहे. ४, ७, ८ जुळतात आणि ३, ५, १२ नाही, म्हणजे क्रमांकन वेगळं. तुमची लायब्ररी नॉलचा क्रम वापरतेय. नॉलने १९७६ मध्ये वातावरणाच्या खळबळीसाठी तो मांडला, आम्हा आकाशवाल्यांना तोच सवयीचा. डोळ्याची यंत्रं ओएसएचा (ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका) क्रम पाळतात. डीफोकस आणि दोन्ही कोमा दोन्हीकडे ४, ७, ८ वरच पडतात, म्हणून फसायला होतं. नॉलमध्ये स्फेरिकल ११ व्या जागी असतं. तुमचा ११ वा आकडा बघा.

अर्धवट:
तरी व्यास तपासाच.

चक्रधर_२:
११ → ०.२१!! माझा ५ वा म्हणजे यंत्राचा ३ रा (०.१४), माझा ६ वा म्हणजे त्यांचा ५ वा (−०.३०). धन्यवाद. ट्रेफॉइलचं (तीन पाकळ्यांसारखा दोष) काय? तिथेही गोंधळ दिसतोय.

दुर्बीणवाला:
ओएसएमध्ये ६ आणि ९, नॉलमध्ये ९ आणि १०. दोन्हीकडचा ९ एक समजू नका. आणि क्रमांक सोडा, n (त्रिज्येचा सर्वात मोठा घात) आणि m (गोल फिरताना आकार किती वेळा परत येतो) लिहीत जा.

गंमतजंमत:
या आकड्यांवरून चष्म्याचा नंबर किती निघतो?

अर्धवट:
डीफोकस गुणिले ४√३, भागिले त्रिज्येचा वर्ग, चिन्ह उलटं. १.१२ आणि ३ मिमीला साधारण −०.८६ डायॉप्टर. बघा, व्यास लागतोच.

निवांत:
म्हणजे माझ्यापेक्षा बरा. वेगळा धागा कुठल्या विभागात काढू?