फुटबॉलचा संघ आपल्या गावचा नाही, मग तो आपला नाही का?

गोदाकाठ (नांदेड)

२०२५ ला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या फुटबॉल लीगचा हंगाम थांबवला. त्यावर परवा इथं 'कॉप गारखेडा' यांनी लिहिलं: "आयएसएल बंद पडली तर कुणाचं काय बिघडणार आहे? मराठवाड्यातल्या माणसानं तर त्यात पडूच नये, आपला संघच नाही. प्रीमियर लीग बघावी, खरा फुटबॉल तिथं आहे." खाली होकारांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही, म्हणून लिहायलो.

माझं बिघडलंय, आणि एकदा नाही, दोनदा.

२०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते, त्यातले दोन महाराष्ट्रातले. मी पुणे सिटी धरला. पुण्यात मावसभावाची खोली होती आणि नांदेडहून रात्रीची ट्रॅव्हल्स सकाळी तिथं सोडायची, एवढं साधं कारण. बालेवाडीला पाच वर्षांत नऊ सामने बघितले. २०१७-१८ ला मार्सेलिन्हो आणि अल्फारो असे खेळले की आपण चौथे येऊन उपांत्य फेरीत गेलो. बंगळुरूविरुद्ध पहिला सामना पुण्यात ०-० झाला, त्याला मी हजर होतो. दुसऱ्यात छेत्रीनं तीन मारले आणि ३-१ नं संपलं. परतीच्या गाडीत 'पुढच्या वर्षी' म्हणत झोपलो होतो. २०१९ ला संघच गुंडाळला, आणि त्याची जागा हैदराबादला दिली.

राग होताच. पण हैदराबाद नांदेडहून पुण्यापेक्षा किती जवळ! मित्राची गाडी काढायची, देगलूरवरून जायचं, गच्चीबावलीला सामना बघायचा आणि पहाटेपर्यंत घरी. २० मार्च २०२२ चा अंतिम सामना फातोर्ड्याला होता, तो घरीच बघितला. केरळविरुद्ध १-१, मग पेनल्टी. आपला गोलरक्षक कट्टीमनीनं तीन अडवल्या. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकू काय झालं म्हणून दार वाजवायला आल्या. पुढच्या हंगामात आम्ही दुसरे आलो. मग पैशाची ओढाताण, पगार थकले, एकेक खेळाडू निघून गेला. २०२३-२४ ला बावीस सामन्यांत एक विजय. आणि २०२५ ला संघ उचलून दिल्लीला नेला. नाव बदललं, रंग बदलला.

माझं म्हणणं एवढंच आहे: या लीगला संघ म्हणजे दुकानाचा परवाना वाटतो. या शहरात धंदा होत नाही, तर त्या शहरात लावा. ज्यांनी पदरचं भाडं घालून पाच-पाच वर्षं ये-जा केली त्यांना कुणी विचारत नाही. लीग बंद पडावी असं मला वाटत नाही. ती बदलावी, आणि त्यासाठी बोलणारी माणसं आपल्यातही हवीत.

कॉप गारखेडा (छत्रपती संभाजीनगर)

माझं नाव घेऊन लिहिलंत तर उत्तर ऐका.

'जवळ आहे म्हणून आपलं' हे मला पटत नाही. मे २००५ मध्ये मी इथं हॉस्टेलला होतो. इस्तंबूलची फायनल, लिव्हरपूल आणि मिलान. वॉर्डनच्या खोलीतला एकच टीव्ही, त्याच्यासमोर आम्ही अकरा जण. मध्यांतराला ०-३, आणि तेवढ्यात लाइट गेली. तेव्हाचं भारनियमन आठवत असेल सगळ्यांना. नऊ जण झोपायला गेले. मी आणि लोह्याचा एक मित्र डास मारत अंधारात बसून राहिलो. लाइट आली तेव्हा पडद्यावर ३-३. आम्ही दोघांनी एकमेकांना काय मिठी मारली! लिव्हरपूलचा एकही गोल बघितला नव्हता, तरी तो संघ त्या रात्री माझा झाला. किलोमीटर मोजून होत नाही ते.

आणि दर्जाचं काय? अकरा हंगाम लीग चालली. २०२७ च्या आशिया चषकाला भारत पात्र ठरला नाही. हाँगकाँगकडून हरलो, मडगावला सिंगापूरकडून हरलो, ढाक्याला बांगलादेशकडून हरलो. अशा लीगसाठी मी का रडू?

उमरी स्टेशन

बाकी राहू द्या. नांदेडचा माणूस हैदराबादच्या संघाला 'आम्ही' म्हणतो, 'आम्ही दुसरे आलो' म्हणतो, हे वाचून माझं डोकं गेलं.

माझे आजोबा मुक्तिसंग्रामात उमरखेडच्या कॅम्पात होते. घरी रझाकार आले तेव्हा आजी दोन लेकरं घेऊन ज्वारीच्या रानात रात्रभर बसली होती. १७ सप्टेंबरला आमच्या घरी आजही गोड करतात. त्या शहराचा पिवळा सदरा घालून नाचायचं?

आणि गोष्ट जुनी झाली असंही कुणी सांगू नका. नांदेडचा रेल्वे विभाग आजही दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबादला. एक गाडी वाढवून मागायची तरी तिकडं तोंड करून उभं राहावं लागतं. मुंबईला जोडा म्हणून किती वर्षं मागायलोत. तिथली फरफट कमी होती म्हणून आता फुटबॉलही तिकडचाच?

गोदाकाठ (नांदेड)

उमरी स्टेशन, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार, तो मनापासून. पण रझाकार आणि गच्चीबावलीत तिकीट काढून बसलेली पोरं एका दावणीला बांधू नका. माझी मोठी आत्या हैदराबादला दिली आहे. चाळीस वर्षं दिवाळीला तिच्या घरचा डबा येतो. ती काय परकी झाली?

आणि हैदराबादचा फुटबॉल निजामाचा नाही. सय्यद अब्दुल रहीम हे मास्तर माणूस. त्यांनी सिटी पोलिसांचा संघ असा बांधला की १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स चषक मुंबईत येऊन जिंकला. त्या वर्षांत तुमचं उमरी, माझं नांदेड, परभणी, बीड सगळं हैदराबाद राज्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मार्गदर्शक हैदराबादचे रहीम, हॅट्ट्रिक मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाची. भारत चौथा आला. तेवढं वर ऑलिंपिकमध्ये आपण पुन्हा कधीच गेलो नाही. हे मला माझं वाटतं आणि ते मी सोडणार नाही.

उमरी स्टेशन

रहीमसाहेब मोठे होते, कबूल. १९६२ ला कर्करोग अंगावर घेऊन जकार्त्याच्या आशियाई खेळांतलं सुवर्ण आणलं, हे मलाही माहीत आहे. त्यांचा मान वेगळा आणि तुमच्या आत्याचा डबा वेगळा. माणूस भारताचा होता, भारतासाठी झिजला. म्हणून तिथल्या मालकाचा संघ माझा होत नाही. आणि रेल्वेबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

कॉप गारखेडा

उमरी स्टेशन, फुटबॉलच्या चर्चेत रेल्वे कशाला? तुमच्यासारख्या लोकांमुळंच इथं कुठल्याही गोष्टीचं निवेदन होतं.

उमरी स्टेशन

तुमच्यासारख्या म्हणजे कोणत्या? इंग्रजांच्या संघासाठी रात्र रात्र जागणाऱ्यानं मला शिकवू नये. माझ्या आजीनं जागून काढलेली रात्र वेगळी होती.

पीटी मास्तर (परभणी जिल्हा)

तिघंही जरा दमानं घ्या. बघायचं कुणाला यावर भांडायलात. खेळायचं कुणी, हे एकानंही विचारलं नाही.

१५ सप्टेंबर २०१७. सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं राज्यात एका दिवशी दहा लाख लेकरांनी फुटबॉल खेळायचा असं ठरलं होतं. आमच्या शाळेतही फुटबॉल आले. नवे कोरे, वासासकट. त्या दिवशी पाचवी ते दहावी सगळी पोरं-पोरी मैदानात. पावसानं काळी माती फुगलेली, बुटाला किलोभर चिखल, म्हणून सगळे अनवाणी. नववीतल्या एका पोरीनं ओढणी कमरेला बांधून मधल्या रेषेवरून जो फटका मारला, तो मला अजून दिसतो.

तीन आठवड्यांत सगळे फुटबॉल बसले. कशानं? बाभळीच्या काट्यानं. मैदानाला कुंपण नाही, गावातली बाभूळ तोडून लोक कडेनं टाकतात. सायकलवाल्याकडून ब्लॅडरला ठिगळ लावून आणलं, मोच्याकडून शिवण घालून घेतली. दुसऱ्यांदा त्यानंच हात जोडले, "सर, आता कातड्यात टाका धरत नाही." नव्यासाठी अर्ज केला. त्याचं उत्तर आलं नाही. पुढं पीटीचा तास गणिताला गेला. मैदानावर मंडप पडला की महिनाभर खिळे वेचत बसायचं.

संघ दिल्लीला गेला काय आणि हैदराबादला राहिला काय, माझ्या त्या पोरीला काय फरक पडला? तिचं दहावीनंतर लग्न झालं. हे मला टोचतं. तुमचं दुःख खोटं म्हणत नाही, पण ते तिकीट काढणाऱ्याचं दुःख आहे.

रंकाळा (लातूर, मूळचा कोल्हापूरचा)

मास्तर, तुमचं वाचून पोटात कालवलं. पण दोन्ही दुखणी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, ते सांगतो.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की पेठांतली दुकानं लवकर मिटतात. हे संघ तालमींचे. पाटाकडील तालीम कुणी उचलून दिल्लीला नेऊ शकत नाही, कारण ती कुणाच्या खिशातली नाही, गल्लीची आहे. गल्लीतलं पोरगं सकाळी तिथंच बॉल मारतं, मोठं झालं की त्याच रंगात उतरतं. २०१७ च्या त्याच विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. मास्तरांच्या गावात बॉल आला पण तालीम नव्हती, म्हणून काट्यानं बसला. गोदाकाठ यांच्या संघाला मालक होता पण गल्ली नव्हती, म्हणून तो गेला.

लातूरला येऊन मला बारा वर्षं झाली. इथं कुस्तीच्या तालमी आहेत, गणेश मंडळं आहेत. दोन महिने देखावा उभा करणारी पोरं आहेत. एका मंडळानं फुटबॉलचा संघ का काढू नये?

कॉप गारखेडा

रंकाळा, तालमीचं ऐकायला गोड वाटतं. तुमच्या सामन्यात समर्थकांची डोकी फुटतात तेही लिहा ना.

रंकाळा

फुटतात. मला त्याची लाज वाटते. माझ्या चुलतभावाच्या कपाळाला सहा टाके आहेत. तरीही म्हणतो, संघ गल्लीचाच पाहिजे.

कॉप गारखेडा

बरं. काल रात्री यावर विचार केला, म्हणून एक गोष्ट लिहितो. गोदाकाठ यांना खूश करायला नव्हे, खरी आहे म्हणून.

इंग्लंडमध्येही हे घडलंय. विम्बल्डन नावाचा क्लब २००३ मध्ये लंडनमधून उचलून मिल्टन कीन्सला नेला. समर्थकांनी त्याच्या आदल्याच वर्षी, निर्णय झाल्यावर, आपला वेगळा क्लब काढला. बऱ्याच खालच्या पायरीपासून. पार्कात उघड्यावर चाचणी घेऊन खेळाडू निवडले. नऊ वर्षांत चढत चढत ते मुख्य लीगच्या चार पायऱ्यांत आले आणि २०२० ला आपल्या जुन्या मोहल्ल्यात, प्लाऊ लेनला परतले. क्लब आजही समर्थकांच्या मालकीचा आहे.

पण हे घडलं कशामुळं? खालून वर जायला वाट होती म्हणून. इथं २०२३ ला पंजाब आणि २०२४ ला मोहम्मडन हे क्लब खालच्या आय-लीगमधून वर आले, पण अकरा हंगामांत वरून खाली कुणीच गेलं नाही. फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ पर्यंत, नवा झाला नाही म्हणून जुलैमध्येच हंगाम थांबवला. एका करारावर सगळी इमारत. तेव्हा लीग बदलायला हवी हे गोदाकाठ यांचं म्हणणं मी मानतो. 'कुणाचं काय बिघडणार' हे वाक्य मी लिहायला नको होतं. 'प्रीमियर लीग बघा' हे मात्र मागे घेणार नाही.

गोदाकाठ (नांदेड)

बघाच. मीही बघतो. एवढं मान्य केलंत, पुरे.

मास्तर, तुमचं 'तिकीट काढणाऱ्याचं दुःख' हे शब्द मला लागले. तुम्ही बरोबर आहात असं अजून म्हणवत नाही. त्या नऊ सामन्यांत मी कमावलेलं काहीतरी आहे, ते तिकिटापेक्षा मोठं आहे. पण पुण्याची नारंगी आणि हैदराबादची पिवळी, दोन्ही जर्सी कपाटात पडून आहेत, आणि तुमच्याकडं बॉल नाही. चार बॉल आणि पंप घेऊन येत्या रविवारी येतो. पत्ता कळवा.

पीटी मास्तर

या. सकाळी सातला या, उन्हाच्या आत. आधी तासभर काटे वेचावे लागतील, चप्पल जाड तळाची घाला. पोरी खेळणार असतील तर मी त्यांच्या घरी शनिवारीच सांगून ठेवतो, नाहीतर आया पाठवत नाहीत.

रंकाळा

मीही निघतो लातूरहून. गोलपोस्टला बांबू आहेत का, की घेऊन येऊ?

पीटी मास्तर

दोन आहेत. दोन आणा.

उमरी स्टेशन

मी उमरीहून येईन, गाडी वेळेवर असली तर. पिवळी जर्सी घालून येऊ नका एवढंच सांगतो. आणि रेल्वेबद्दल तिघांपैकी एकानंही अजून उत्तर दिलेलं नाही.